ऊसतोडीचा हंगाम आणि परिचर्या संशोधनाचे वेळापत्रक : आरोग्य विज्ञान विद्यापीठास खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक,
तसेच राज्यातील परिचर्या महाविद्यालयांचे प्राचार्य आणि पदव्युत्तर मार्गदर्शक

विषय : स्थलांतरित ऊसतोड कामगारांच्या दीर्घकालीन आजारांवर पूर्ण हंगामाचे परिचर्या संशोधन होण्याबाबत

महोदय / महोदया,

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांतून काही लाख माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. त्यांच्यापैकी ज्यांना उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा, मिरगी असे वर्षानुवर्षे औषध घ्यावे लागणारे आजार आहेत, त्यांच्या उपचारांचे या पाच-सहा महिन्यांत नेमके काय होते, हे आपली आरोग्ययंत्रणा आज खात्रीने सांगू शकत नाही. ते शोधून काढणे हे परिचर्या संशोधनाचे काम आहे असे मी मानते, आणि हे काम आपल्या विद्यापीठाच्या नियमांत व वेळापत्रकात बसावे यासाठी काही बदल करावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रश्न औषधांच्या उपलब्धतेचा आहे असे प्रथमदर्शनी वाटेल, पण तो तेवढाच नाही. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. ठरलेली सोपी उपचारपद्धती, औषधांचा नियमित साठा, डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका व आरोग्य सेविका यांनी मिळून करायचे काम आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, या पायावर तो उभा आहे आणि त्याने पुष्कळ चांगले काम केले आहे. या उपक्रमाच्या पद्धतीनुसार दर तिमाहीला नोंदणीकृत रुग्णांची विभागणी होते : ज्यांचा रक्तदाब 140/90 च्या खाली आला ते, ज्यांचा आला नाही ते, आणि जे तपासणीला आलेच नाहीत ते. नोव्हेंबरात फडावर, म्हणजे ऊस तोडायच्या शेतावर, गेलेली बाई जानेवारीच्या तिमाहीत या तिसऱ्या रकान्यात जाते. तिने कारखान्याजवळच्या मेडिकलमधून स्वतःच्या पैशाने गोळ्या घेतल्या असतील, जवळच्या खासगी डॉक्टरकडून वेगळ्याच गोळ्या आणल्या असतील, किंवा दिवाळीला पाकीट संपल्यापासून काहीच घेतले नसेल. नोंदवहीत या तिन्ही शक्यतांचा शेरा एकच. ज्या जिल्ह्यांतून गावेच्या गावे रिकामी होतात, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला हिवाळ्यातील आकड्यांवरून आपले काम चांगले चालले की वाईट, हे ठरवता येत नाही.

दुसऱ्या टोकाला, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील केंद्रांत, हीच बाई कोणाच्याच यादीत नसते. तिथल्या आशा सेविकेने तीस वर्षांवरील व्यक्तींचे दीर्घकालीन आजारांच्या तपासणीसाठी जे अर्ज भरायचे असतात ते तिच्या कायम रहिवाशांचे. शेताच्या कडेला किंवा कारखान्याच्या आवारात उभ्या राहिलेल्या कोप्यांतली, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतली, माणसे तिच्या लोकसंख्येत धरलेली नसतात. सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत टोळी फडात असते आणि संध्याकाळी गाडी भरून दिल्याशिवाय कोणाला सुटता येत नाही. एका दिवसाचा खाडा झाला तर त्याचे पैसे उचलीच्या, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, हिशेबात लागतात, म्हणून ताप आल्याशिवाय किंवा कोयता लागल्याशिवाय दवाखान्याची वाट धरली जात नाही. रक्तदाबाला ताप नसतो आणि वेदनाही नसते. उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणून मोजणाऱ्या व्यवहारात, न दुखणाऱ्या आजारासाठी अर्धा दिवस कोण देणार?

आता आपल्या संशोधनाकडे येते. राज्यातील कोणत्याही परिचर्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एम.एस्सी.च्या प्रबंधांचे कपाट उघडले, तर दीर्घकालीन आजारांवरचे बहुसंख्य प्रबंध एकाच साच्यात बसलेले दिसतात : निवडक भागातील साठ किंवा शंभर रुग्ण, त्यांची ज्ञानचाचणी, मग नियोजित अध्यापन कार्यक्रम, सातव्या किंवा पंधराव्या दिवशी पुन्हा तीच चाचणी, आणि गुण वाढल्याचा सांख्यिकीय निष्कर्ष. या अभ्यासांतून विद्यार्थिनी संशोधनाची प्राथमिक शिस्त शिकते, याचे मूल्य मी नाकारत नाही. मी स्वतः अशा प्रबंधांना अनेक वर्षे मार्गदर्शन केले आहे आणि मुलींनी त्यासाठी घेतलेले कष्ट पाहिले आहेत. परंतु मीठ कमी खावे हे आठवड्याने आठवले की नाही, हे कळल्यावरही त्या रुग्णाचा रक्तदाब सहा महिन्यांनी किती होता, हे कळत नाही. रुग्ण गावात राहणारा असेल तर निदान अंदाज बांधता येतो. हंगामाला जाणाऱ्या रुग्णाबाबत तोही बांधता येत नाही. शिवाय एका जागी स्थिर राहणारा, दुपारी मोकळा असणारा आणि प्रश्नावली वाचू शकणारा रुग्ण हाच अशा अभ्यासांना सोयीचा असतो, त्यामुळे ज्यांना आजाराचा सर्वांत जास्त फटका बसतो त्यांची गणना नमुन्यात होतच नाही. निवडीच्या निकषांत 'अभ्यासाच्या काळात उपलब्ध असलेले' हे शब्द आपण सवयीने लिहितो, आणि त्याच शब्दांनी ऊसतोड कामगार, वीटभट्टीवरचे मजूर आणि मेंढपाळ बाहेर पडतात.

परिचर्येच्या शास्त्राने ही अडचण ओळखलेली नाही असे नाही. 1998 मध्ये फ्लास्करूड आणि विन्स्लो या अमेरिकन परिचारिका-संशोधकांनी वंचित समूहांच्या आरोग्यासाठी जी मांडणी केली, तिच्यात साधनांची उपलब्धता, त्यामुळे वाढणारा धोका आणि त्याचा आरोग्यस्थितीवर होणारा परिणाम या तिन्ही गोष्टी एकत्र मोजाव्यात असे सुचवले होते. म्हणजे व्यक्तीचे अज्ञान हा त्यातला फार छोटा भाग ठरतो. 1999 मध्ये मेरी नेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रुग्णालयांतून घरी जाणाऱ्या वृद्ध रुग्णांवर केलेला प्रयोग तर परिचर्येचा विद्यार्थी आजही वाचतो. रुग्ण दवाखान्यातून घरी जातो त्या मधल्या, कोणाच्याच जबाबदारीत नसलेल्या काळात एक प्रशिक्षित परिचारिका त्याच्या सोबत राहिली, घरी गेली, फोनवर बोलली, तर चोवीस आठवड्यांत पुन्हा भरती व्हावे लागलेल्यांचे प्रमाण 37 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आले. आपल्याकडच्या ऊसतोड कामगाराचा मधला काळ दवाखाना आणि घर यांच्यामधला नाही. तो गाव आणि फड यांच्यामधला आहे आणि अर्ध्या वर्षाचा आहे. विचारायचा प्रश्न मात्र तोच आहे : या काळात एका परिचारिकेकडे त्या रुग्णाची जबाबदारी असली तर काय बदलते?

आणि असे संशोधन याच मातीत झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला, मृत्यू काटेकोरपणे मोजले, 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पुढे ती पद्धत देशाच्या कार्यक्रमात आली. त्याच जिल्ह्यातील 86 गावांच्या मृत्यूंचा नंतर अभ्यास झाला तेव्हा पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले, सुमारे 14 टक्के. पक्षाघात हा बहुतांशी अनियंत्रित रक्तदाबाचा परिणाम असतो, त्यामुळे हा आकडा मराठवाड्यातील प्रत्येक सार्वजनिक आरोग्य परिचारिकेने अस्वस्थ होऊन वाचावा असा आहे. जामखेडला आरोळे दांपत्याने 1970 पासून गावातील स्त्रियांच्या हाती आरोग्याचे काम सोपवले. जामखेड तालुका तर बीडला लागून आहे आणि ऊसतोडीला माणसे पाठवणाऱ्याच पट्ट्यात येतो. या कामांत डॉक्टरांइतकाच, किंबहुना अधिक, भाग रोज घरोघर जाणाऱ्या स्त्रियांचा होता. नोंदी ठेवणे, पुन्हा पुन्हा भेट देणे, औषध घेतले का हे विश्वासाने विचारणे, ही परिचर्येचीच कामे आहेत.

ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत मोजणी झाल्यावर काय होऊ शकते हेही आपण पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 स्त्रियांची गर्भाशये काढलेली असल्याचे समोर आले. त्यानंतर शस्त्रक्रियांवर काही निर्बंध आले, ते आवश्यकच होते. पण ज्यांची शस्त्रक्रिया आधीच होऊन गेली त्यांचे पुढे काय, हा प्रश्न मला परिचारिका म्हणून अधिक सतावतो. कमी वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली गेली असतील, तर हाडांची झीज लवकर सुरू होते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे तिशी-चाळिशीतील हजारो स्त्रिया दीर्घकालीन आजारांच्या उंबरठ्यावर आहेत, डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडी भरत आहेत, आणि दरवर्षी निम्मा काळ कोणत्याही आरोग्य केंद्राच्या हाताशी नाहीत. त्यांच्या रक्तदाबाचा, हाडांचा, पाठदुखीचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा हा एखाद्या पीएच.डी.चाच नव्हे, तर एका संपूर्ण विभागाच्या कित्येक वर्षांच्या कामाचा विषय आहे.

कोणते प्रश्न विचारावेत याची कल्पना यावी म्हणून काही गोष्टी जरा विस्ताराने मांडते, कारण त्या पाठ्यपुस्तकात एकत्र सापडत नाहीत. फडावर माणसे पहाटे तीन-चारला उठतात, स्वयंपाक करून अंधारातच तोडीला लागतात, आणि गाडी रात्री कितीही वाजता आली तरी भरायला उठतात. 'सकाळी नाश्त्यानंतर एक गोळी' ही सूचना अशा दिवसात कुठे बसते? मधुमेहाची गोळी घेऊन जेवण पुढे ढकलले गेले आणि हात कोयत्यावर असताना साखर उतरली, तर ती चक्कर उन्हाची समजली जाते. लघवी वाढवणारे औषध डॉक्टरांनी योग्य विचार करून दिलेले असते, पण जिथे शौचालय नाही आणि आडोसाही नाही तिथे बाई ते औषध बंद करते, किंवा पाणी पिणे कमी करते, दोन्ही घातकच. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या फडावर सर्रास खाल्ल्या जातात. या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, आणि टेल्मिसार्टन हे रक्तदाबाचे औषध, लघवीचे औषध व वेदनाशामक ही तिन्ही एकत्र येऊन त्यात शरीरातले पाणी कमी झाले, तर मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका असतो. एल साल्व्हादोर आणि निकाराग्वा येथील ऊसतोड कामगारांमध्ये मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे, आणि उन्हातील अतिश्रम हे त्यामागचे एक प्रमुख कारण असावे असे संशोधक मानतात. आपल्या फडांवर काय आहे, हे आपण तपासायला नको का? इन्सुलिन घेणारा रुग्ण पाचटाच्या कोपीत कुपी कुठे ठेवतो, ओल्या मातीच्या मडक्यात ती हंगामभर नीट राहते का, हे तर एखादी विद्यार्थिनी साध्या तापमापकाने मोजू शकेल.

औषध नियमित घेतले जाते का, हे तपासणाऱ्या प्रचलित प्रश्नावल्या मुख्यतः विसरण्याबद्दल विचारतात. हंगामाला गेलेला माणूस सहसा विसरत नाही. त्याच्या गोळ्या संपतात. गावच्या केंद्रातून एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या मिळाल्या तर त्या कार्तिकातच संपणार. जाण्यापूर्वी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर काय होते, सहा महिन्यांच्या दिल्या तर काय होते, त्या घरातल्या इतरांना वाटल्या जातात का, मधल्या काळात रक्तदाब न तपासता इतक्या गोळ्या देणे कितपत सुरक्षित आहे, फडाजवळच्या केंद्रातील एका ठरावीक परिचारिकेचे नाव आणि फोन क्रमांक कार्डावर लिहून दिल्याने किती जण तिच्यापर्यंत पोहोचतात, ही सगळी मोजता येण्याजोगी माहिती आहे, आणि ती मिळाली तर सार्वजनिक आरोग्य विभागाला धोरण ठरवताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही. गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आई-वडिलांचाही विचार यातच व्हावा. नातवंडे सांभाळणाऱ्या या लोकांना स्वतःच्या गोळ्या आणायला केंद्रापर्यंत नेणारे घरात कोणी उरलेले नसते.

असा अभ्यास एकट्या विद्यार्थिनीच्या आवाक्यातला नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, विद्यापीठाने अनेक महाविद्यालयांच्या विद्यार्थिनींना एकाच संशोधन आराखड्याखाली काम करण्याची स्पष्ट परवानगी द्यावी. आज वीस विद्यार्थिनी प्रत्येकी साठ रुग्णांवर वीस वेगवेगळे अभ्यास करतात आणि त्यांतला एकही धोरणाला पुरेसा ठरत नाही. त्याच वीस जणींनी एकाच पद्धतीने, एकाच उपकरणाने, ठरलेल्या महिन्यांत रक्तदाब मोजला, तर बाराशे रुग्णांचा पूर्ण हंगाम समजेल. प्रत्येकीचा स्वतःचा उपप्रश्न, स्वतःचे विश्लेषण आणि स्वतःचा प्रबंध असू शकतो. बीडमधील महाविद्यालयाने निघण्यापूर्वीची आणि परतल्यानंतरची मोजणी करावी, कोल्हापूर-सांगलीकडील महाविद्यालयाने फडावरची करावी, आणि दोन्हीकडच्या नोंदी रुग्णाची ओळख सुरक्षित ठेवून जोडल्या जाव्यात. बेळगाव भागात जाणाऱ्यांसाठी तिकडच्या एखाद्या परिचर्या महाविद्यालयाशी करार करावा लागेल. टोळ्या राज्याची सीमा दरवर्षी ओलांडतात, तर आपल्यालाही ती ओलांडावी लागेल.

दुसरी विनंती नीतिमत्तेची आहे आणि तिच्याकडे मी विशेष लक्ष वेधते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक व आर्थिकदृष्ट्या दुर्बल व्यक्तींच्या संरक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. फडावर टोळीपर्यंत पोहोचण्याचा सोपा मार्ग मुकादमातून, म्हणजे उचल देऊन टोळी जमवणाऱ्या माणसातून, जातो. पण ज्याने उचल दिली आहे त्याच्यासमोर घेतलेली संमती मुक्त मानता येणार नाही. बाईने नकार दिला तर तो मुकादमाला कळणार नाही, आणि होकार देऊन तिने आपला आजार सांगितला तर पुढच्या वर्षी कामाला घेताना तो तिच्या आड येणार नाही, याची हमी संशोधिकेलाच द्यावी लागेल. मुलाखतीसाठी कामाचा एक तासही घेऊ नये. घ्यावाच लागला तर त्या तासाची मजुरी संशोधनाच्या खर्चात धरावी. ज्यांचा रक्तदाब धोकादायक आढळेल त्यांना केवळ नोंदवून सोडू नये, त्याच दिवशी उपचार मिळतील याची व्यवस्था आराखड्यात असावी. या अटी संशोधनाची नीतिमत्ता तपासणाऱ्या आचारसंहिता समित्यांनी अशा अभ्यासांसाठी लेखी स्वरूपात द्याव्यात.

तिसरी गोष्ट केंद्रांवर काम करणाऱ्या परिचारिका आणि आरोग्य सेविकांची. रुग्ण त्यांनाच ओळखतात आणि रजिस्टरही त्यांच्याच हाती असते. पण संशोधनात त्यांचे नाव आभाराच्या पानावर येते. त्यांना सहसंशोधक म्हणून घ्यावे, त्यासाठी सार्वजनिक आरोग्य विभागाने ठरावीक दिवस कामातून मोकळे करावेत आणि प्रवासखर्च द्यावा. त्यांच्या आजच्या कामाच्या यादीत आणखी एक काम म्हणून हे टाकले गेले, तर नोंदी घाईने भरल्या जातील आणि सगळा अभ्यास निरुपयोगी होईल.

राहिला वेळापत्रकाचा प्रश्न, आणि तो सोडवणे पूर्णपणे आपल्या हाती आहे. विद्यार्थिनीचा विषय निश्चित होऊन संशोधन आराखडा मंजूर होईपर्यंत आणि आचारसंहिता समितीची बैठक होईपर्यंत दिवाळी उलटून जाते. तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात, आणि मग गावात उरलेल्यांवर नेहमीचा अभ्यास करण्यावाचून तिला पर्याय राहत नाही. स्थलांतरित रुग्णांवरील आराखड्यांची छाननी जूनमध्ये सुरू करावी, समितीची मान्यता ऑगस्टच्या अखेरीस मिळावी, म्हणजे सप्टेंबरात, माणसे अजून गावात असताना, पहिली मोजणी होईल. फडावरची मोजणी जानेवारीत करता येईल. आणि पट्टा पडल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत, तिसरी. प्रबंध सादर करण्याची तारीख अशा विद्यार्थिनींसाठी तेवढी पुढे न्यावी. येत्या शैक्षणिक वर्षासाठी हा निर्णय व्हायचा असेल, तर तो अभ्यास मंडळाच्या नजीकच्या बैठकीतच घ्यावा लागेल, आणि तिथे हा विषय मांडला जावा, अशी माझी आपणा सर्वांना आग्रहाची विनंती आहे.

आपली,
सामुदायिक आरोग्य परिचर्या विषयाची एक निवृत्त अध्यापिका, मराठवाडा